पडणाऱ्याचं काम

६ सप्टेंबर, सोमवार

आज आमच्या गेमची पार शोभा झाली.

खेळून बघायला बाहेरची दहा माणसं बोलावली होती. काचेच्या पलीकडे ती, अलीकडे आम्ही. ‘मोमिजी-गिरी’, म्हणजे लाल मेपलची कापणी, हे नाव वाचून एक-दोघं खूश झाली. एकटा तलवारबाज, समोर शेकडो शत्रू, कापत सुटायचं. असले खेळ आम्ही ओसाकावाल्यांनी नाही करायचे तर कुणी करायचे? पहिली पाच मिनिटं बरी गेली. दहाव्या मिनिटाला चष्मेवाल्या बाईंनी जांभई दिली. विसाव्या मिनिटाला चौकड्याच्या शर्टवाल्यानं कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि तो छताकडे बघत बसला. पडद्यावर त्याचा नायक उभ्या उभ्या मार खात होता आणि हा पठ्ठ्या नाक खाजवत होता.

नंतर कागदावर त्यानं लिहून दिलं, ‘कापल्यासारखं वाटत नाही. हवेत छत्री फिरवल्यासारखं वाटतं.’

छत्री! नायकाचे एकोणऐंशी वार मी स्वतः रचलेत. तीन वर्षं घातली आहेत त्यात. त्यातला एकेक वार बघून लोकांनी उभं राहावं, असा आहे. आणि म्हणे छत्री.

७ सप्टेंबर, मंगळवार

गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीचे निशिओका-सान सकाळच्या पहिल्या गाडीनं टोकियोहून आले. आवाज चढवला नाही. ते आवाज चढवत नाहीत, तीच भीती असते. म्हणाले, “पंधरा ऑक्टोबरला पुन्हा येतो. तेव्हाही हेच चित्र असेल तर इथेच थांबू या.”

थांबू या म्हणजे आम्ही बावीस माणसं घरी. आमच्या मालकीण तोगाशीबाई यांनी चहाचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“कारण काय आहे याचं?” निशिओकांनी विचारलं.

सगळे टेबलाचं लाकूड बघू लागले. डायरेक्टर मी, म्हणून तोंड मलाच उघडावं लागलं. मी म्हणालो, “शत्रू ढिले आहेत. मारले तरी मारल्यासारखं वाटत नाही.”

शत्रूंचं सगळं काम मिनोबेंकडे आहे. ते छप्पन्न वर्षांचे, ऑफिसात सगळ्यांत थोरले. आमच्या धंद्यात या वयाचा प्रोग्रामर म्हणजे अजूनही कसा काय टिकला असं लोकांना वाटतं. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मग उठले आणि कमरेतून वाकले. “चूक माझी आहे. क्षमा असावी.”

बराच वेळ वाकलेले होते. डोक्यावरचं टक्कल एवढं वाढलंय, हे मला आजच दिसलं. चूक पटली म्हणूनच वाकले ना. पटली नसती तर बोलले असते.

आता जुलैत मी त्यांना काही गोष्टी काढायला लावल्या होत्या, हे खरं आहे. वार बसला की त्यांचे शत्रू क्षणभर थबकायचे, आणि त्यांच्याबरोबर माझा नायकही थबकायचा. सगळा वेग मरायचा. डायरेक्टर म्हणून मला ते सांगणं भाग होतं. पण ती गोष्ट वेगळी. तिचा याच्याशी काही संबंध नाही.

१२ सप्टेंबर, रविवार

सुट्टीच्या दिवशी ऑफिसात. वाराच्या ठिणग्या दुप्पट केल्या. रक्त तिप्पट. आवाज इतका वाढवला की खालच्या मजल्यावरचा शिंपी वर येऊन बघून गेला. नायकाला आणखी सहा वार दिले, पंच्याऐंशी झाले.

स्वतः खेळून बघितलं. ढीगभर ठिणग्या. काहीच वाटलं नाही. थकलोय म्हणून असेल.

१७ सप्टेंबर, शुक्रवार

ऑफिसातल्याच आठ जणांना खेळायला बसवलं. हिशेबाचं काम बघणाऱ्या ओकिशिमाबाई तोंडावर बोलणाऱ्या. म्हणाल्या, “हिराओ-सान, दिवाळं निघालेल्या दुकानानं पाट्या रंगवाव्यात तसं झालंय हे.”

मी हसलो नाही. बाकीचे हसायचे थांबले.

खरं सांगायचं तर माझी पाचावर धारण बसली आहे. अठ्ठावीस दिवस उरलेत आणि खेळण्यात मजा का येत नाही, हेच मला कळत नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी, सोळा वर्षं हेच काम करून, हे मला कळत नाही. हे कुणापाशी बोलायचं? तोगाशीबाईंनी त्यांच्या ओळखीतून क्योतोच्या उझुमासा या सिनेमावाल्या वस्तीतला एक नावाजलेला तलवारीचा नट गाठलाय. पडद्यावर तलवार चालवणारा. मंगळवारी जाऊन त्याचे हात बघायचे. निदान वार तरी खरे होतील.

२१ सप्टेंबर, मंगळवार

नट आलाच नाही! खांदा दुखावला म्हणे. त्याच्या जागी पाठवलं कुणाला, तर चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका वाळकुड्या म्हाताऱ्याला. नाव त्सुबोई. तालमीच्या लाकडी जमिनीवर मांडी घालून माझी वाट बघत बसला होता.

मी विचारलं, “तुम्ही कुणाच्या भूमिका करता?”

“कुणाच्याच नाही,” म्हणाला. “मी मारणारा नव्हे साहेब, मी मरणारा. एक्केचाळीस वर्षं मरतोय. नायक तलवार फिरवतो, मी पडतो. एका सिनेमात सात वेळाही मेलोय, मिशा बदलून.”

माझं डोकंच फिरलं. तलवारबाज मागवला आणि मढं मिळालं. पण एवढं लांब आलो होतो. त्यानं बांबूची तलवार माझ्या हातात दिली आणि समोर उभा राहिला.

“हाणा.”

“अहो, मला तलवार धरता येत नाही.”

“म्हणून तर हाणा.”

मी हाणली. कशीतरी, दोन्ही डोळे अर्धे मिटून. पातं त्याच्यापासून चांगलं वीतभर लांब होतं. आणि म्हातारा थांबला. नुसता थांबला. श्वास, डोळे, हातातली तलवार, सगळं जिथल्या तिथे. तेवढ्या क्षणात मला माझ्या मनगटात ते पातं कशात तरी शिरल्याचं कळलं. अगदी कळलं! मग त्याच्या पाठीत कळ गेली, एक पाय मागे घसरला, मान वर गेली आणि तो आडवा झाला. दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरणारा माणूस मी. त्या वेळी मला वाटलं, पन्नास जण आले तरी लोळवीन.

म्हातारा बराच वेळ तसाच पडून माझ्याकडे बघत होता. दमला असावा, वय झालंय. माझा घाम पुसून होईपर्यंत तो आपला आपणच उठला आणि गुडघे झटकून म्हणाला, “पुन्हा.”

मी पुन्हा हाणली, या वेळी चांगली जोरात. तो धपकन पडला. लगेच. मला एकदम चोरट्यासारखं वाटलं, जणू त्याला मी चुकून धक्का मारलाय.

“तलवार तीच,” तो जमिनीवरूनच म्हणाला. “हात तोच, उलट जोर जास्तच. मग बिघडलं काय?”

“तुम्ही थांबला नाहीत.”

“हां. तुमचा वार कसा होता ते तुमच्या हाताला कळत नाही, साहेब. माझ्या अंगावर बघून कळतं. मी घाई केली की तुमची तलवार कागदाची. मी क्षणभर थांबलो की लोखंडाची.”

आणखी एक दाखवलं त्यानं. हल्ला करायच्या आधी तो टाच जमिनीवर घासतो, किंचित. खांदा चढवतो. मी विचारलं, हे कशाला, शत्रूला कळेल ना? तो हसला. “कळावं म्हणूनच. न सांगता आलो तर तुम्ही मराल आणि घरी जाल. सांगून आलो, तुम्हाला दिसलं आणि तुम्ही वेळेवर वळलात, तर तुम्ही शूर. दहा जण घेरून उभे असतात तेव्हा आम्ही एकेकटेच का येतो? आम्ही काय बावळट आहोत? बाकीचे नऊ आपली पाळी येईपर्यंत पाय हलवत उभे राहतात. तुमच्या पाठीला धाक वाटला पाहिजे, पण पाठीत तलवार बसायला नको. फार कष्टाचं काम आहे ते उभं राहणं.”

परतीच्या गाडीत सगळं लिहून काढलं. ओसाकाचं उमेदा स्टेशन कधी आलं ते कळलं नाही.

२२ सप्टेंबर, बुधवार

सकाळी जाऊन मिनोबेंसमोर कागद ठेवला. मार बसल्यावर शत्रूनं थांबायचं, मग कळवळायचं, मग पडायचं. हल्ल्याआधी खूण द्यायची. घेरून उभं राहायचं पण एकेकट्यानं यायचं. “किती दिवस लागतील?”

त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला. “दिवस नाही लागणार. आहे हे.”

“आहे म्हणजे?”

“बंद करून ठेवलंय.”

त्यांनी पडद्यावर दाखवलं. एकाखाली एक ओळी, प्रत्येकीच्या बाजूला त्यांची नीटस टीप: ‘१४ जुलै. हिराओ-सान यांच्या सांगण्यावरून बंद.’ त्यांनी एकेक सुरू केली. मी कंट्रोलर घेतला आणि तिथेच त्यांच्या स्टुलावर बसून खेळलो. पहिला वार बसला. पडदा क्षणभर गोठला आणि माझ्या तळहातात ते कालचं लोखंड आलं. मागे कुणीतरी टाच घासली, मी वळलो, कापलं. पुन्हा वळलो. जेवायची वेळ झाली म्हणून ओकिशिमाबाई बोलवायला आल्या तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती.

माझ्या पंच्याऐंशी वारांपैकी मी चारच वापरले होते.

“काढताना बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“बोललो होतो. जरा अवघड होईल, असं म्हणालो होतो.”

म्हणाले होते. आठवतंय मला. आपल्याकडे ‘जरा अवघड होईल’ म्हणजे ‘नको, करू नका’, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. मला कळलं नव्हतं असं मी इथे लिहिणार नाही, निदान वहीत तरी खोटं नको. मला सोयीचं होतं म्हणून मी ते शब्दशः घेतलं. अवघड आहे ना, मग करा अवघड काम, असं.

मी “छान झालंय” म्हणालो आणि माझ्या जागेवर आलो. आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं बहुतेक.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

त्सुबोईंना ओसाकाला बोलावून त्यांचं पडणं यंत्रानं टिपून घेतलं. अंगाला घट्ट काळा पोशाख, त्यावर ठिकठिकाणी पांढरे गोळे चिकटवलेले. आरशात बघून म्हणाले, “काडीला टोचलेल्या डांगोच्या गोड गोळ्यांसारखा दिसतोय मी.” दिवसभरात बत्तीस वेळा मेले. पोटात, पाठीत, पायऱ्यांवरून, भाल्यानं. समोर तलवार धरायला पाळीपाळीनं आम्हीच.

चौथ्या वेळी मिनोबेंची पाळी आली. त्यांनी वार केला, म्हातारा पडला, आणि मिनोबे तलवार टाकून लगबगीनं पुढे गेले, हात पुढे केला आणि म्हणाले, “लागलं का?”

म्हातारा इतका खूश झाला की तो हात सोडेचना. “अरे वा! तुम्हाला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. तुम्ही पडलात म्हणून विचारलं.”

मग त्सुबोईंनी सांगितलं ते असं. त्यांच्याकडे रीत आहे, दृश्य संपलं की ज्यानं मारलं त्यानं आधी यायचं, पडलेल्याला हात द्यायचा आणि ‘लागलं का?’ विचारायचं. कितीही मोठा नट असो. “मरणारा तोवर पडून राहतो. जो विचारत नाही, त्याच्यासाठी आम्ही दुसऱ्यांदा नुसतं पडतो. मरत नाही.”

माझे कान तापले. म्हणजे मंगळवारी तो दमला नव्हता. वाट बघत होता! माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. क्योतोची माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, चहा देतात, काय ते आपण ओळखायचं. पुढच्या सगळ्या वारांना मी धावत जाऊन हात दिला. चला, निदान एक चूक तरी वेळेत सुधारली.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

कामाला वेग आलाय. पडद्यावर एका सेकंदात साठ चित्रं सरकतात. हलक्या वाराला पाच चित्रं थांबायचं, भारी वाराला अकरा. बारा केली तर गेम अडकल्यासारखा वाटतो, दहा केली तर वार पोकळ. एका चित्रावरून मिनोबेंशी अर्धा तास वाद घातला. शेवटी त्यांचंच खरं ठरलं. अशी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

मिनोबेंनाही हुरूप आलाय. टेबल आवरायला काढलंय त्यांनी, जुने कागद फाडून टाकले, खण पुसून घेतले. त्यांची खिडकीतली कुंडी मला दिली. आठवड्यातून दोनदाच पाणी घाला म्हणाले. काम मार्गी लागलं की माणसाला आवराआवरी सुचते.

६ ऑक्टोबर, बुधवार

मी मूर्ख आहे.

तोगाशीबाई सहज म्हणाल्या, “मिनोबे-सान गेल्यावर शत्रूंचं काम कुणाला द्यायचं, ठरवलंत का?”

“जातायत? कुठे?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग खणातून पांढरं पाकीट काढून दाखवलं. राजीनामा, ८ सप्टेंबरचा. त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशीचा. या महिनाअखेरीस जाणार. “निशिओका-सानना कळवलं मी. चूक ज्याची त्यानं जबाबदारी घेतली, म्हणून तर त्यांनी पंधरा तारखेपर्यंतची मुदत कायम ठेवली. मला वाटलं, तुमचं बोलणं झालं असेल.”

मिनोबे नदीकाठच्या बाकावर डबा खात होते. मी जाऊन समोर उभा राहिलो. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. म्हणालो, “हे काय केलंत तुम्ही?”

“बसा हिराओ-सान. भाताचे ओनिगिरी घ्या, आज दोन जास्त आहेत.”

“चूक माझी होती.”

“हो,” ते म्हणाले. इतक्या सरळ म्हणाले की मला बसावंच लागलं. “पण त्या दिवशी त्यांना कुणीतरी पडायला हवं होतं. डायरेक्टर पडला तर गेम पडतो. मी पडलो तर मी एकटाच. माझं सगळं आयुष्य शत्रू बनवण्यात गेलंय. पडावं कसं एवढं मला येतं.”

“मी पंधरा तारखेला सांगतो त्यांना.”

“नका सांगू. आता सांगितलंत तर खोटं बोललात म्हणून गेम थांबवतील. बाकीच्या वीस जणांचं काय? तुम्ही उभे राहा. नायकाचं काम उभं राहणं.”

बायको गेल्यापासून ते एकटेच असतात. छप्पन्नाव्या वर्षी त्यांना या धंद्यात कुणी दारात उभं करणार नाही. हे सगळं मला माहीत आहे. आणि तरी ते ‘नका सांगू’ म्हणाले तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. सुटलो असं वाटलं. मला स्वतःची किळस आली, पण सुटलो असं वाटलं, हे खरं.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

गेम अप्रतिम झालाय. सगळे माझी पाठ थोपटतात. मिनोबेही.

१० ऑक्टोबर, रविवार

दिवसभर एकच हिशेब. सांगितलं तर बावीस जणांवर टांगती तलवार. नाही सांगितलं तर एकाचं नुकसान, तेही त्याच्या मर्जीनं. कुणीही शहाणा माणूस म्हणेल, गप्प बस. मीही म्हणतो, गप्प बस. मग घास का उतरत नाही?

११ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टी होती. योकान मिठाईचा डबा घेऊन क्योतोला त्सुबोईंच्या घरी गेलो. दारातच म्हणालो, “त्या पहिल्या दिवशी विचारायचं राहिलं. लागलं का?”

म्हातारा खो खो हसला. “वीस दिवसांनी? कोपर जरा शेकलं होतं. आता बरं आहे. आत या.”

चहा झाला. मी विचारलं, “उशिरा विचारलं तर चालतं का?”

त्यांनी योकानचा तुकडा चघळत विचार केला. “पडलेला अजून तिथेच असेल तर चालतं,” म्हणाले. “उठून घरी गेल्यावर मग कुणाला विचारणार?”

“पण पडलेलाच म्हणत असेल, विचारू नका, तर?”

“मग तो फार चांगला मरणारा आहे,” त्सुबोई म्हणाले. “आम्ही सगळे तसंच म्हणतो, साहेब. नाही नाही, काही लागलं नाही, तुम्ही बसा. पोराच्या लग्नात मी हाताला प्लास्टर घालून उभा होतो, तेव्हाही तेच म्हणत होतो.”

दारापर्यंत सोडायला आले. चालताना त्यांचा डावा पाय ओढतो, हे आज पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

हातात पेन धरून बराच वेळ बसलोय. झालं तसं लिहितो.

निशिओका दहाला आले. कंट्रोलर घेतला, कोट न काढता बसले. पाच मिनिटांनी कोट काढला. पुलावरच्या लढाईत दोनदा मेले आणि दोन्ही वेळा कुणी न सांगता पुन्हा सुरुवात केली. मागून भालेवाल्यानं टाच घासली तेव्हा त्यांनी खुर्चीतच अंग चोरलं. चहा गार झाला. पन्नास मिनिटांनी कंट्रोलर ठेवून ते म्हणाले, “तलवारीला वजन आलंय. हिराओ-सान, कमाल केलीत.”

सगळ्यांनी श्वास सोडला. ओकिशिमाबाईंनी तर चक्क डोळे पुसले.

मग त्यांनी सहज, कोट चढवता चढवता विचारलं, “त्या ढिल्या शत्रूंचं काम आता कुणाकडे दिलंत?”

मिनोबे दाराजवळ उभे होते. त्यांनी मान किंचित हलवली. नको. मला ती मान स्पष्ट दिसली. पण महिनाअखेरीला ती मान या खोलीत नसणार होती.

मी उठलो. मी म्हणालो, “शत्रू ढिले नव्हते. आज तुम्ही जे खेळलात ते मिनोबे-साननी जुलैमध्येच केलं होतं. मी ते बंद करायला लावलं. सप्टेंबरात तुम्ही कारण विचारलंत तेव्हा मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. तलवारीला वजन आलंय ते माझ्या वारांनी नाही, त्यांच्या पडणाऱ्यांनी आलंय.” आणि कमरेतून वाकलो.

खालून फक्त सतरंजी दिसते. मिनोबे त्या दिवशी किती वेळ असे वाकलेले होते, हे मला आज माझ्या पाठीनं सांगितलं.

“म्हणजे तुम्ही मला खोटं सांगितलंत,” निशिओका म्हणाले.

“हो.”

“आणि आज गप्प राहिला असतात तर मला कळलंही नसतं.”

“हो.”

ते पडद्याकडे वळले. पुलावर नायक उभा होता, आणि भोवती दहा जण पाय हलवत, आपली पाळी येईपर्यंत थांबलेले. त्यांच्याकडे ते बराच वेळ बघत होते. मग तोगाशीबाईंना म्हणाले, “गेम चालू ठेवा. पण यांच्या हातात नको. ज्यानं केलाय त्याच्या हातात द्या.”

गाडीची वेळ झाली म्हणून गेले. तोगाशीबाईंनी खणातून ते पांढरं पाकीट काढलं आणि मिनोबेंच्या टेबलावर परत ठेवलं. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “उद्यापासून तुम्ही यांच्या हाताखाली. चालेल?” मी चालेल म्हणालो. सोळा वर्षांत कमावलेलं एका सकाळी गेलं. वाईट वाटलं, खूप वाटलं. नाही वाटलं असं कशाला लिहू?

सगळे जेवायला गेले. मिनोबे मागेच राहिले होते, पडद्यासमोर, कंट्रोलर हातात घेऊन. रागावले होते. “मी नका सांगू म्हटलं होतं.”

“हो.”

“गेम गेला असता.”

“हो.”

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. हात पुढे केला. ते बसलेले, मी उभा, फारच विचित्र दिसत असणार. तरी विचारलं.

“लागलं का?”

ते माझ्या हाताकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, नाही नाही, काही नाही, तुम्ही बसा.

“अडतीस दिवस झाले,” ते म्हणाले. त्यांचा चष्मा ओला झाला होता. “लागलं. फार लागलं, हिराओ-सान.”

मग त्यांनी माझा हात धरला आणि उठले. चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला, मला त्यांचं स्टूल दिलं आणि कंट्रोलर हातात ठेवला. “हा भालेवाला बघा,” म्हणाले. “अजून एक चित्र लवकर पडतोय.”